मापेसाहेब आणि ट्रॅक्टरमधला एसी

सोसायटीच्या नियमावलीत ट्रॅक्टरबद्दल एक ओळही नव्हती, आणि याच गोष्टीचं सेक्रेटरींना सगळ्यात जास्त दुःख झालं. दुचाकीला नियम होता, चारचाकीला होता, लहान मुलांची तीनचाकी सायकल जिन्याखाली किती वेळ ठेवायची यालाही होता. पण गुरुवारी सकाळी फाटकातून जे आत शिरलं त्याची मागची चाकं सेक्रेटरींच्या खांद्याला लागत होती, वर काचेची एक अख्खी खोली होती आणि त्या खोलीत तोंडाला टॉवेल बांधून मापेसाहेबांचे सासरे बसले होते.

मापेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, शिक्का मारायचा, खाली सही करायची, हे काम बावीस वर्षं केल्यावर माणसाचा स्वभाव जसा होतो तसाच त्यांचा झाला होता. घरातल्या डाळीच्या डब्यांवरसुद्धा त्यांनी तारीख घालून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सोसायटीने त्यांचं नाव मापेसाहेब ठेवलं, आणि त्यात थट्टा आहे हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

सासरे खाली उतरले आणि पहिल्यांदा पाच मिनिटं खोकले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, छातीत दम्याने कायमचं बिऱ्हाड केलेलं. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं की धुळीत जायचं नाही. ट्रॅक्टर चालवायचाच असेल तर बंद केबिन आणि आत एसी, नाहीतर व्हरांड्यात खुर्ची. म्हणून हा केबिनवाला ट्रॅक्टर घेतलेला. आणि आता ऐन उन्हाळ्यात त्याच्या एसीतून गार हवा येईना. काचा लावल्या तर आत भट्टी, उघडल्या तर धूळ. चौदा किलोमीटर उघड्या काचांनी आल्याचा परिणाम सगळ्या जिन्याला ऐकू येत होता.

"सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तीन आठवड्यांनंतरचा नंबर दिलाय," मेव्हणा म्हणाला. तो मागून जीप घेऊन आला होता. "आणि नांगरट सोमवारी सुरू करायची आहे. बाबांना मी स्पष्ट सांगितलंय. रविवार संध्याकाळपर्यंत एसी चालला तर ठीक, नाहीतर मी ड्रायव्हर ठेवतो. चावी त्याच्याकडे. बाबांनी आता आराम करायचा."

मुलाचं बोलणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. हातातली चावी सासऱ्यांनी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, मग परत डाव्या हातात. पन्नास वर्षं जमीन नांगरलेल्या माणसाला 'आराम' या शब्दाची किती भीती वाटते ते मापेसाहेबांना त्या चावीकडे बघून कळलं. असं काही कळलं की माणूस नको ते बोलून जातो.

"मामा, ट्रॅक्टर इथेच ठेवा. माझ्यावर सोडा."

"अहो, तुम्हाला ट्रॅक्टरमधलं काय कळतं?" बायकोने सगळ्यांसमोर विचारलं. बायका हा प्रश्न एकांतात का विचारत नाहीत, हा संशोधनाचा विषय आहे.

"मला पुस्तिका वाचता येते," मापेसाहेब म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. ट्रॅक्टर आला तेव्हापासून त्याच्या देखभालीची वही त्यांच्याकडेच होती. दर महिन्याला ते शेतावर जायचे, पुस्तिकेप्रमाणे एकेक बाब तपासायचे, वहीत खूण करायचे आणि सही ठोकायचे. सासऱ्यांना त्या वहीचा काय अभिमान. आल्यागेल्याला दाखवायचे.

शुक्रवारी मापेसाहेबांनी रजा टाकली. एक नवी फाईल काढली, तिच्यावर 'ट्रॅक्टर, वातानुकूलन, बिघाड' असं वळणदार अक्षरात लिहिलं, आणि थर्मामीटर घेऊन ते केबिनमध्ये चढले. बाहेर अडतीस, आत काचा लावल्यावर चव्वेचाळीस. पुस्तिकेतल्या तेवीस बाबींपैकी पहिली होती, एसीचं बटण चालू आहे का. होतं. दुसरी, पंखा फिरतो का. फिरत होता, चांगला घोंघावत होता, पण हवा येण्याच्या झरोक्यासमोर धरलेला कागद जागचा हलेना. वीस मिनिटांनी छतातून पाण्याचा एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी फाईलमध्ये 'गळती, किरकोळ, शीतल' अशी नोंद केली.

एवढ्यात काचेवर टकटक झाली. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर उभे होते. निवृत्तीनंतर त्यांना सोसायटीत काहीही घडलेलं दहा मिनिटांत कळत असे, आणि पंधराव्या मिनिटाला त्यांचा सल्ला तयार असे.

"गॅस संपलाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"नेहमी गॅसच संपतो."

मापेसाहेबांनी आधी रीतसर कंपनीला फोन लावला. सत्तावीस मिनिटं वाद्यसंगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची बाई आली.

"ट्रॅक्टर आपल्या नावावर आहे का, सर?"

"सासऱ्यांच्या."

"मग मालकाशी आपलं नातं?"

"सांगितलं ना, जावई."

"सर, इथे मुलगा, भाऊ, पती असे पर्याय आहेत. जावई नाहीये. मी 'इतर' टाकू का?"

मापेसाहेबांच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. सासुरवाडीची चार लग्नं, दोन ऑपरेशनं आणि एक विहीर त्यांनी आपल्या देखरेखीखाली पार पाडली होती. "टाका," ते म्हणाले. मग 'इतर'ला तक्रार नोंदवण्याचा अधिकार नाही, मालकाने स्वतः फोन करावा, असं त्या बाईने तितक्याच गोडपणे सांगितलं आणि आजच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल ते विचारलं.

तेव्हा पोस्टमास्तरांच्या ओळखीचा फ्रीज दुरुस्त करणारा आला. त्याने मीटर लावलं, दोन नळ्या जोडल्या, कान लावून ऐकलं. माणूस कामाचा होता, पण ट्रॅक्टरच्या छतावर यापूर्वी कधी चढला नव्हता, त्यामुळे बोलताना एका हाताने काहीतरी घट्ट धरून ठेवत होता.

"गॅस पुरेपूर आहे साहेब. थंडी तयार होतेय. आत येत नाहीये."

"म्हणजे टपाल आलंय, वाटप नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

चार दिवसांत या विषयावर बोललं गेलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. त्याच्यावर कोणी पाच मिनिटं विचार केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आपल्याकडे वाक्य चांगलं झालं की लोक हसतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. पुढचा विषय निघाला तो धुण्याचा. पुढच्या जाळीत भुसा आणि माती अडकली की एसी मार खातो, असं फ्रीजवाला म्हणाला, आणि पुस्तिकेतही अकराव्या बाबीत तेच होतं.

सोसायटीच्या नळाला पाइप लावायला सेक्रेटरींची परवानगी लागते. ती लेखी मागावी लागते. मापेसाहेबांनी ती तीन प्रतींत मागितली, त्यामुळे सेक्रेटरींचा विरोध थोडा मावळला, कारण तीन प्रतींत अर्ज करणारा माणूस त्यांना त्या इमारतीत पहिल्यांदाच भेटला होता. पाणी सुरू झालं. जाळीतून अख्खं शेत बाहेर आलं. ते खाली गेलं असतं तर कोणाची ना नव्हती, पण मापेसाहेबांनी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धार वाढवली, आणि ते वर गेलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या दोरीवर त्या दिवशी सहा पांढऱ्या चादरी होत्या.

काकू काही ओरडल्या वगैरे नाहीत. कठड्यावर हात ठेवून त्यांनी आधी चादरींकडे पाहिलं, मग खाली. "मापेसाहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "वर या आणि डागांची मापं घेऊन जा."

सहाच्या सहा चादरी मापेसाहेबांच्या बायकोने पुन्हा धुतल्या आणि संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. एसीही बोलला नाही. जाळी मात्र आरशासारखी चकचकीत झाली होती.

शनिवारी सकाळी ट्रॅक्टरच्या नाकावर नोटीस चिकटवलेली आढळली. 'सदर वाहन कोणाचे आहे ते संबंधिताने चोवीस तासांत कळवावे.' सेक्रेटरी नोटीस डकवत होते तेव्हा संबंधित आत सीटवरच बसले होते आणि दोघांनी एकमेकांना नमस्कारही केला होता. पण कार्यालयीन कामकाजात नमस्काराला पुरावा धरत नाहीत, हे मापेसाहेबांनाही मान्य होतं. त्यांनी खाली उतरून नोटिशीला लेखी उत्तर दिलं आणि सोळाव्या बाबीकडे वळले.

सोळावी बाब सगळी बटणं एकदा वरखाली करून बघण्याची होती. आता या ट्रॅक्टरला मागे दोन लोखंडी हात असतात, अवजार उचलायला. त्यांचा दांडा कोणता ते पुस्तिकेत होतं, पण त्या पानावर आदल्या दिवशीचं पाणी सांडलं होतं. मापेसाहेबांनी एक दांडा ओढला. मागून कुरकुर ऐकू आली. वळून पाहतात तो मागे लावलेली सेक्रेटरींची स्कूटर, आपलं मागचं कॅरिअर त्या हातांत देऊन, हळूहळू आणि मोठ्या डौलात जमिनीवरून वर निघाली होती. सेक्रेटरी फाटकापाशी वॉचमनला झापत होते. त्यांनी बोलणं थांबवलं. सगळी सोसायटी गॅलऱ्यांत आली. स्कूटर खाली उतरवायला दांडा उलटा ढकलायचा, एवढं साधं मापेसाहेबांना सुचेपर्यंत तिच्यातलं बरंचसं पेट्रोल जमिनीवर आलं होतं.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "बाबांचा फोन आला होता. एसीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, जावईबापूंना म्हणावं, फार दगदग करून घेऊ नका."

मापेसाहेबांचा घास तोंडातच फिरला. विचारलं असतं तर बरं झालं असतं. न विचारणारा माणूस आशा सोडून बसलेला असतो.

रविवारी दुपारी तीनपर्यंत बावीस बाबी झाल्या. पट्टा ताणलेला होता, फ्यूज धड होते, गरम पाण्याचा वाल्व बंद होता. चार वाजता मंडळी येणार होती. राहिली होती फक्त नववी बाब, केबिनमध्ये हवा गाळून सोडणारा फिल्टर. ती मापेसाहेबांनी पहिल्याच दिवशी न बघता ओलांडली होती, कारण वहीत गेल्याच महिन्याची नोंद होती, 'फिल्टर नवा बसवला', आणि खाली त्यांचीच सही. ज्याच्यावर आपली सही आहे ते पुन्हा तपासायचं नसतं. त्यांचं अख्खं कार्यालय या एका तत्त्वावर उभं होतं.

तरी तेवीसचा आकडा पुरा व्हावा म्हणून त्यांनी केबिनच्या बाजूचं झाकण उघडलं.

आत फिल्टर होता. नवा कोरा, पांढराशुभ्र, एक डाग नाही. आणि डाग नव्हता याचं कारण असं की तो कारखान्यातून ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आला होता त्याच पिशवीत होता. पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद केलेलं, त्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर वळणदार अक्षर.

मापेसाहेबांना सगळं लख्ख आठवलं. इतकी पांढरी, इतकी नाजूक वस्तू, आणि ती शेताच्या धुळीत जाणार, हे त्या दिवशी त्यांना बघवलं नव्हतं. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट सहा वर्षं प्लास्टिकमध्ये होता. सोफ्याचं प्लास्टिक उन्हाळ्यात पाहुण्यांच्या पाठीला चिकटायचं, पण सोफा नवा होता. फिल्टर मळू नये म्हणून त्यांनी तो पिशवीसकट बसवला होता आणि पिशवी उघडू नये म्हणून सीलही केली होती. हवा काय करील बिचारी. पंखा तीन दिवस त्या पिशवीवर डोकं आपटत होता, आत साठलेल्या थंडीचा बर्फ होत होता, आणि तो वितळून त्यांच्याच टकलावर पडत होता.

त्यांनी पिशवी ओढायला हात घातला आणि फाटकातून जीप आत आली. मापेसाहेबांनी झाकण लावून टाकलं.

मेव्हणा उतरला, सासरे उतरले, आणि त्यांच्यामागून भरघोस मिशांचा एक धिप्पाड गृहस्थ उतरला. तोच ड्रायव्हर. रविवारची दुपार असल्यामुळे खाली पोस्टमास्तर, सेक्रेटरी आणि वॉचमन होतेच. वर काकू होत्या, आणि शेजारच्या गॅलरीत बायको.

"काय भावोजी, झालं काही?" मेव्हण्याने विचारलं.

"म्हणजे, बावीस बाबी तर..." मापेसाहेब म्हणाले.

मेव्हण्याने मान हलवली. त्याला जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. ड्रायव्हर वर चढला, सीट मागे सरकवली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला. सासरे खाली उभे राहून ते बघत होते. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दाराची काच जिथे हात पुरला तिथपर्यंत पुसली, आणि चावी पुढे केली.

मापेसाहेबांच्या मनात एक विचार येऊन गेला, तो लपवण्यात अर्थ नाही. गप्प राहायचं. उद्या शेतावर जाऊन गुपचूप पिशवी काढायची आणि 'आपोआप सुटला' म्हणायचं. चार दिवस ज्या माणसांसमोर आपण फाईल काखेत मारून फिरलो, त्यांच्यासमोर अब्रूचे धिंडवडे तरी निघणार नाहीत. पण उद्या त्या सीटवर दुसरा माणूस बसलेला असणार होता, आणि एकदा बसलेला ड्रायव्हर कोण उठवतो. ड्रायव्हरने चावी घ्यायला हात खाली केला.

"मामा, थांबा," मापेसाहेब म्हणाले. आवाज त्यांना हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "दोष एसीत नाही. दोष माझ्यात आहे."

त्यांनी झाकण उघडलं आणि पिशवी बाहेर ओढली. पहिल्यांदा कोणाला काही कळलं नाही. मग सेक्रेटरी पुढे झाले, चष्मा वर सरकवला, आणि कुठलाही कागद दिसला की मोठ्याने वाचायची त्यांना सवय असल्यामुळे त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. "'तपासले. योग्य आढळले.' खाली सही. सही तुमचीच ना?"

"माझीच."

पिशवी फाडली, फिल्टर बसवला, इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरने मुकाट्याने सीट सोडली आणि उतरता उतरता म्हणाला, "बर्फ पडेल हो आत." गॅलऱ्यांमधून हशा उसळला. वॉचमनसुद्धा हसला, आणि काकूंना तर कठड्याला धरावं लागलं. मापेसाहेब रिकामी पिशवी हातात धरून उभे होते. ती घडी करून खिशात ठेवावी की टाकून द्यावी, एवढंच त्यांच्या डोक्यात चाललं होतं.

"भावोजी," मेव्हणा हसू दाबत म्हणाला, "अहो फिल्टर पिशवीत घालून कोण..."

"चूक माझी आहे," सासरे म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"मीच त्यांना सांगितलं होतं. म्हटलं जावईबापू, वस्तू नवी आहे, प्लास्टिक राहू द्या. ते नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, काय करणार ते?" त्यांनी मुलाकडे पाहिलं. "ड्रायव्हरला घरी सोडून ये. आणि त्यांना चहा पाज. उगाच हेलपाटा पडला त्यांना."

यातला एक शब्दही खरा नव्हता. फिल्टर बसवला त्या दिवशी सासरे लग्नाला गेले होते. पण चार माणसांत बापाला खोटं ठरवायची मेव्हण्याची हिंमत नव्हती, आणि मापेसाहेबांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली. वर गॅलरीत बायकोने पदराने डोळे टिपले. सेक्रेटरींनी खाकरून ट्रॅक्टरच्या नाकावरून नोटीस सोलून काढली. वडीलधाऱ्यांच्या आज्ञेपुढे जावई तरी काय करणार, असं पोस्टमास्तर वॉचमनला समजावून सांगू लागले.

"चला जावईबापू," सासरे म्हणाले, "शेतापर्यंत सोबत या."

मापेसाहेब बाजूच्या छोट्या सीटवर बसले. सासऱ्यांनी सीट पुढे घेतली, आरसा फिरवला, आणि काचेचं दार ओढून घेतलं. दार बंद होताच बाहेरचा सगळा आवाज तुटला.

"जावईबापू," सासरे समोर बघत म्हणाले, "आपण गाढव आहात."

"हो, मामा."

"नुसते नाही. शिक्का मारलेले. हसा, खाली लोक बघतायत. मुलगी बघतेय माझी, हात करा तिला."

मापेसाहेबांनी हसून हात केला. बायकोनेही केला.

"अक्कल काय त्या पिशवीतच घालून सील केली होतीत आपण? चार दिवस मी व्हरांड्यातल्या त्या खुर्चीकडे बघत झोपलोय. तिला गादीसुद्धा शिवून आणली होती सूनबाईंनी. गादी. आपल्याला कल्पना आहे का? हात करा, सेक्रेटरी बघतायत."

ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडला. सासरे गिअर बदलत होते, चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू होतं, आणि तोंडाने एकापेक्षा एक शेलक्या शिव्या चालू होत्या. मात्र जावयाचा मान म्हणून एकूणएक अहो-जाहो करून. सोसायटीच्या गॅलऱ्यांतून काचेपलीकडे एवढंच दिसत होतं की सासरे-जावई काय जिव्हाळ्याने बोलतायत. काकू मापेसाहेबांच्या बायकोला म्हणाल्यासुद्धा, असं नातं हल्ली बघायला मिळत नाही.

चौदा किलोमीटरपैकी नऊ किलोमीटर शिव्या पुरल्या. मग सासऱ्यांनी एकदा दीर्घ श्वास घेतला. खोकला आला नाही. त्यांनी अजून एक घेतला, आणि जावयाला थंडी वाजत असेल म्हणून खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या अंगावर टाकला.